गोंड आईचा माहेरच्या शेतात हिस्सा: कोर्टाचे दोन निकाल आणि तलाठ्याचं एक वाक्य

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण कोरची तालुक्याकडचा, आई गोंड समाजातली. आजोबा वारून बरीच वर्षं झाली, पण सातबारावर त्यांचंच नाव होतं. 'जिवंत सातबारा' मोहिमेत दोन्ही मामांनी वारस म्हणून फक्त स्वतःची नावं दिली. आईचं नाव का नाही, असं विचारल्यावर तलाठ्यांनी सांगितलं, "आदिवासींना वारसा कायदा लागू नाही, मुलीला हिस्सा नसतो." मोबाइलवर मात्र दोन बातम्या फिरताहेत. सुप्रीम कोर्टाने आदिवासी मुलींना समान हिस्सा दिला, ही एक. सुप्रीम कोर्टाने तो नाकारला, ही दुसरी. खरं काय? आणि भावांशी संबंध न तोडता आईने करावं काय? या बाबतीत सरकारी धोरण काय असावं, हेही त्याने विचारलंय.

मी गडचिरोली जिल्ह्यात तालुका कोर्टात दिवाणी कामं पाहतो, आणि असे वाद माझ्याकडे सतत येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तलाठ्यांचं (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात तलाठीच म्हणतात) पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या कलम २(२) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की केंद्र सरकारने अधिसूचना काढून वेगळं ठरवल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. त्यामुळे २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः मिळालेला सहदायकाचा (म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतल्या वाटेकऱ्याचा) हक्क, किंवा ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने त्यावर केलेलं शिक्कामोर्तब, तुमच्या आईच्या कामी थेट येत नाही. इथपर्यंत वाद नाही.

चूक आहे ती "मुलीला हिस्सा नसतो" या उरलेल्या अर्ध्या वाक्यात. एक विशिष्ट कायदा लागू नाही, एवढ्यावरून मुलीला वगळणारा दुसरा कुठला तरी कायदा आपोआप लागू होतो, असं कुठे लिहिलंय? कायदा लागू नसेल तर जमातीची रूढी लागू होते. आणि रूढी म्हणजे काय, हे कार्यालयातल्या टेबलावर बसून ठरत नाही. ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. तुमच्या प्रकरणाची सगळी मेख इथे आहे: ती सिद्ध कोणी करायची?

आता त्या दोन बातम्यांकडे येतो, कारण दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही अर्धवट सांगितल्या जातात.

पहिला निकाल १७ जुलै २०२५ चा, रामचरण विरुद्ध सुखराम. प्रकरण छत्तीसगडच्या सरगुजा भागातलं, कुटुंब गोंड. एका गोंड महिलेच्या वारसांनी तिच्या वडिलांच्या मालमत्तेत तिचा हिस्सा मागितला होता. खालच्या तिन्ही कोर्टांत ते हरले. कारण काय दिलं गेलं? मुलीला हिस्सा देणारी रूढी आहे, हे तुम्ही सिद्ध केलं नाही. सुप्रीम कोर्टाने नेमकी ही मांडणी उलटवली. मुलीला वगळलेलंच असतं, असं गृहीत धरून सुरुवात का करायची? वगळणारी रूढीही समोरच्यांनी सिद्ध केलेली नव्हती. दोन्ही बाजूंनी काहीच सिद्ध नसेल, तर फक्त बाई आहे म्हणून हिस्सा नाकारणं संविधानाच्या कलम १४ शी आणि कलम १५ शी विसंगत ठरतं, असं कोर्टाने म्हटलं. सोबत १८७५ च्या मध्य प्रांत कायद्यातल्या न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेकबुद्धी या तत्त्वाचाही आधार घेतला. तो कायदा २०१८ मध्ये रद्द झाला, पण त्याआधी निर्माण झालेले हक्क मेले नाहीत.

आपल्याकडच्या लोकांनी हे नीट लक्षात घ्यावं. जुना चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, मध्य प्रांतातच होता. म्हणून कोरची, कुरखेडा, धानोऱ्याच्या दाव्यांत हा आधार जवळचा आहे. यवतमाळ किंवा मेळघाट वऱ्हाडात होते. तिथला कायदेशीर इतिहास वेगळा, तेव्हा ती ओळ जशीच्या तशी उचलू नये. समानतेचा आधार मात्र तिथेही तेवढाच लागू आहे.

दुसरा निकाल ८ ऑक्टोबर २०२५ चा, हिमाचल प्रदेशातला, नवांग विरुद्ध बहादूर. हिमाचल उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका निकालात सरसकट निर्देश दिला होता की राज्याच्या आदिवासी भागात मुलींना हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मालमत्ता मिळेल. सुप्रीम कोर्टाने तो निर्देश काढून टाकला. कलम २(२) असताना कोर्ट स्वतःहून तो कायदा आदिवासींना लावू शकत नाही, आणि मूळ दाव्यात तो मुद्दाही नव्हता. बस, एवढंच. मुलीला हिस्सा मिळू शकत नाही, असं त्या निकालात म्हटलेलं नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की चित्र स्वच्छ दिसतं. ऑक्टोबरचा निकाल सांगतो, हिंदू वारसा कायद्याच्या दारातून येऊ नका. जुलैचा निकाल सांगतो, ते दार बंद असलं तरी हक्क संपत नाही, आणि मुलीला वगळायचं असेल तर वगळणाऱ्याने तशी रूढी दाखवावी.

म्हणूनच तुमच्या वकिलांनी दाव्याचा मसुदा दाखवला की एक ओळ आधी शोधा: "वादी हे हिंदू असून हिंदू वारसा कायद्याने शासित आहेत." ही ओळ सवयीने टाकली जाते आणि दाव्याचं फार नुकसान करते. कुटुंबाने हिंदू चालीरीती पूर्णपणे स्वीकारल्या आहेत असं सिद्ध झालं, तर कोर्टांनी काही प्रकरणांत तो कायदा लावला आहे, हे खरं. पण तेही पुराव्यानेच सिद्ध करावं लागतं. रामचरण प्रकरणातल्या वादींनीही तसं म्हणून पाहिलं होतं, ते टिकलं नाही. शिवाय ज्या आईने आयुष्यभर पेन (गोंडांचा देव) पुजला, तिने कोर्टात शपथेवर आपण गोंड रीत सोडली असं का सांगावं? हक्क मागायला ओळख सोडावी लागत नाही, हेच तर जुलैच्या निकालाचं मोल आहे.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या लपवत नाही.

मामांनी खरोखर पुरावा आणला तर? रूढी जुनी, निश्चित, सातत्याने पाळलेली आणि वाजवी असावी लागते. दोन साक्षीदारांनी "आमच्यात असंच असतं" म्हटलं म्हणजे ती सिद्ध होत नाही. माझा अनुभव असा की उलटतपासणीत गावचं वास्तव बाहेर येतंच. भुमियाला (गावच्या पारंपरिक प्रमुखाला) किंवा गावपाटलाला सरळ विचारा: ज्या घरात मुलगाच नव्हता, त्या घराची बांधी (धानाचं शेत) कोणाकडे गेली? घरजावई आणला तिथे नाव कोणाचं लागलं? विधवा होऊन माहेरी परतलेल्या लेकीला कसायला तुकडा दिला होता की नाही? जवळजवळ प्रत्येक गावात अशी उदाहरणं सापडतात. त्यांच्या जुन्या फेरफारच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढता येतात. १९५४-५५ चं अधिकार अभिलेख बघा, त्यानंतरच्या वारस नोंदी बघा. तुमच्या गावात एकाही लेकीचं नाव वारस म्हणून लागलेलं असेल, तर "मुलीला कधीच नाही" ही रूढी निश्चितही राहत नाही आणि सातत्याचीही. वाजिब-उल-अर्जमध्ये (गावच्या वहिवाटींच्या जुन्या नोंदपत्रात) काही मिळेल म्हणून लोक तिकडे धावतात. त्यात बहुतेक पाणी, वाट, मासेमारीच्या वहिवाटी असतात, वारसाचं क्वचितच.

आणि वगळणारी रूढी पक्की सिद्धच झाली, तर ती समानतेच्या कसोटीवर टिकते का? इथे वकिलांत प्रामाणिक मतभेद आहेत. संविधानाच्या कलम १३ मध्ये "कायदा" या शब्दात रूढीही येते, त्यामुळे ती मूलभूत हक्कांना छेद देऊ शकत नाही, असं एक मत. मी त्याच मताचा आहे. पण १९९६ च्या मधू किश्वर निकालात, छोटा नागपूरच्या आदिवासी महिलांच्या बाबतीत, सुप्रीम कोर्टाने महिलांना वारसातून वगळणारा तिथला कायदा सरळ रद्द केला नाही. बायकांच्या उपजीविकेपुरतं संरक्षण दिलं आणि तिथे थांबलं. त्यामुळे या टप्प्यावर खात्रीची भाषा कोणी करत असेल तर सावध राहा.

जमीन कोणत्या प्रकारची, हेही पाहा. आजोबांच्या नावावर मालकीच्या बांध्यांबरोबर वनहक्काचा पट्टा असेल, तर त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात तो हक्क वारसाने जातो, पण विकता येत नाही. आणि लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. आजी हयात असेल तर पट्ट्यावर तिचं नाव आहे का, ते आधी तपासा. अनेकांच्या घरी तो कागद पेटीत पडून असतो आणि कोणी वाचलेला नसतो.

आता आईने काय करावं. सगळ्यात आधी फेरफार. वारस नोंदीची नोटीस निघाल्यापासून हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. नोंद अजून प्रमाणित झाली नसेल तर आजच आईच्या सहीने किंवा अंगठ्याने लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून उपयोग नाही. लेखी हरकत आली की तलाठ्यांना ती विवादग्रस्त नोंदवहीत घ्यावीच लागते, मग मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार सुनावणी घेतात. हरकतीत लांब भाषण नको. आजोबांचं नाव, मृत्यूची तारीख, आई त्यांची मुलगी असल्याचा पुरावा (शाळेचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, जुनं रेशनकार्ड), आणि "मुलीला वगळणारी रूढी आम्हाला मान्य नाही, ती सिद्ध करावी" एवढं वाक्य पुरे. सोबत जुलैच्या निकालाची प्रत जोडा. नोंद आधीच प्रमाणित झाली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील आहे, मुदत साठ दिवसांची. उशीर झाला असेल तर कारण देऊन विलंब माफीचा अर्ज सोबत द्या. आईला नोटीसच मिळाली नव्हती, हे खरं असेल तर ते चांगलं कारण आहे.

पण महसुली लढाईत जीव अडकवू नका. सातबारावर नाव लागलं म्हणून कोणी मालक होत नाही आणि नाव नाही म्हणून हक्क जात नाही. कलम १५७ नुसार नोंद खरी मानली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंत. मालकी ठरवणारं कोर्ट दिवाणी. तरीही हरकत का घ्यायची? कारण आज नाव नसेल तर उद्या कर्ज, धानाचा बोनस, शेतकरी ओळख क्रमांक सगळं मामांच्या नावाने होतं. आणि जमीन संपादनात गेली तर नुकसानभरपाईची नोटीसही त्यांनाच येते. सुरजागड आणि कोनसरीच्या बाजूला (लोहखनिजाची खाण आणि कारखाना आहे तिकडे) जमिनीला आलेला भाव तुम्ही ऐकला असेल. तिकडून माझ्याकडे आलेल्या बहिणी बहुतेक भरपाई वाटून झाल्यावर आल्या. खर्च झालेल्या पैशातून हिस्सा वसूल करणं फार कठीण असतं. लेखी हरकत नोंदीवर असेल तर वाटपाचा वाद आहे म्हणून ती रक्कम थांबवायला सांगता येतं.

दुसरी पायरी गावातली. हरकत दिल्यानंतरच, आधी नाही. आधी बोलणी लांबवली की मुदत निघून जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. भुमिया, दोन्हीकडचे सगेसोयरे, ग्रामसभेतल्या चार जाणत्या बायका बसवा. मामांचं म्हणणंही ऐका, ते नेहमी खोटं नसतं. म्हाताऱ्याचं औषधपाणी कोणी केलं, सोसायटीचं कर्ज कोणी फेडलं, बांध्या कोणी दुरुस्त केल्या? याचा हिशेब धरून आईने समान हिस्स्यापेक्षा कमी घ्यायचं ठरवलं, तर तो तिचा निर्णय. पण तो तिने हक्क कळल्यानंतर घ्यावा, हक्क नाही असं समजून नव्हे. एक लक्षात ठेवा: समजुतीत जे ठरेल ते नोंदणीकृत वाटणीपत्राने व्हावं. साध्या कागदावरच्या हक्कसोडीवर आईचा अंगठा घेऊ देऊ नका. "फक्त बँकेसाठी लागतो" म्हणून आलेल्या कागदावर तर मुळीच नाही.

समजूत झालीच नाही तर वाटणीचा दावा. तो आईच्याच नावाने लावा, तुमच्या नाही. त्यालाही कारण आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून मालमत्तेच्या वादात महिला पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली महिला म्हणूनही आणि अनुसूचित जमातीची म्हणूनही तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न घालता. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. दाव्यासोबत जमीन विकू किंवा गहाण टाकू नये म्हणून मनाई हुकूम मागा. मामांनी हिस्सा द्यायला स्पष्ट नकार कधी दिला, ती तारीख आणि कोणासमोर दिला ते आजच वहीत लिहून ठेवा. बारा वर्षांची मुदत मोजताना ती तारीख कामी येते. दावा लगेच संपेल असं मी सांगणार नाही. आधी हिस्सा ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, मग दिवाणी संहितेच्या कलम ५४ खाली प्रत्यक्ष वाटपासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि तिथेही मोजणी, नकाशा, तारखा. वर्षं लागतात.

एक भीती तुमचे मामा नक्की बोलून दाखवतील, म्हणून तिचं उत्तर देतो: "लेकींना जमीन दिली तर जावयांमार्फत ती बिगर आदिवासींच्या घशात जाईल." ही भीती पोकळ नाही. विदर्भात आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या हे आपल्या आजोबांनी पाहिलंय, म्हणून तर १९७४ मध्ये जमिनी परत करण्याचा कायदा करावा लागला. पण त्यावरचा इलाज लेकीला वगळणं नाही. जमात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. लेकीच्या नावावरची जमीन आदिवासीची जमीनच राहते, आणि महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे ती बिगर आदिवासीला द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. तिने जमातीबाहेर लग्न केलं असेल तर तिच्या मुलांच्या बाबतीत प्रश्न गुंतागुंतीचा होतो, हे मान्य. तुमच्या आईच्या बाबतीत तो प्रश्नच नाही, कारण तुमचे वडीलही गोंडच आहेत असं तुम्ही लिहिलंय. आणि आजवर ज्या जमिनी गेल्या, त्या बहुतेक पुरुषांच्या अंगठ्यांनी गेल्या. तेव्हा सातबारावर नावं पुरुषांचीच होती.

धोरणाचंही विचारलंत, म्हणून माझं मत सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये कमला नेती प्रकरणात सुप्रीम कोर्टाने केंद्राला कलम २(२) चा फेरविचार करायला सुचवलं. अधिसूचना काढली तरी भागतं, संसदेत जाण्याचीही गरज नाही. ते सोपं आहे, म्हणूनच मला ते घाईचं वाटतं. घरजावई, सामाईक कसणं, पेनाच्या नावाची जमीन, कुळांची नाती या गोष्टींना हिंदू एकत्र कुटुंबाच्या चौकटीत जागा नाही. उत्तराखंडने २०२४ मध्ये समान नागरी कायदा केला, त्यातूनही अनुसूचित जमाती बाहेर ठेवल्या. पण "आमची रूढी, तुम्ही हात लावू नका" म्हणून पुरुषांनी गप्प बसणंही मला मान्य नाही. पेसा कायद्याने (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) १९९६ पासून ग्रामसभेला आपल्या परंपरा जपण्याचा आणि वाद आपल्या पद्धतीने सोडवण्याचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेऊन दाखवले, जंगलाचे हक्कही मिळवले. मग वारसाची रीत ग्रामसभेने बायकांच्या बरोबरीच्या सहभागाने बसून का लिहू नये? लेक, विधवा, परित्यक्ता, घरजावई या प्रत्येकीचं आणि प्रत्येकाचं काय, ते ठरावात यावं. असा ठराव कोर्टावर बंधनकारक नसेल, पण रूढी काय आहे याचा तो वजनदार पुरावा असेल. आणि तलाठ्याला परस्पर रूढी सांगायची वेळ येणार नाही. कोरचीकडच्या ग्रामसभा जंगलाच्या प्रश्नावर इतक्या जाग्या आहेत की त्यांच्याकडून ही अपेक्षा जास्त नाही.

तुम्ही फेरफारचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली नाही. ती आज तलाठी कार्यालयातून किंवा ऑनलाइन काढा. नोंद "प्रलंबित" दिसली तर उद्या सकाळी आईला घेऊन हरकत द्यायला जा. "प्रमाणित" दिसली तर प्रमाणित केल्याची तारीख इथे कळवा. साठ दिवस कुठून मोजायचे आणि विलंबाचं कारण कसं मांडायचं, ते त्यावरून सांगतो.